डोमेन नसताना हायपर-व्ही होस्ट दुरून सुरक्षितपणे कसा सांभाळायचा

पतसंस्था, सीएचं ऑफिस, छोटं हॉस्पिटल, एमआयडीसीतला एखादा कारखाना. अशा ठिकाणी बहुतेक वेळा एकच दणकट सर्व्हर असतो, त्यावर हायपर-व्ही (एकाच सर्व्हरवर अनेक आभासी संगणक चालवणारी विंडोजची सोय) आणि त्यात तीन-चार व्हर्च्युअल मशीन (व्हीएम). एकात टॅली, एकात फाइल शेअर, एखाद्यात लिनक्सवर चालणारं हजेरीचं सॉफ्टवेअर. डोमेन, म्हणजे सगळ्या मशीनची खाती एका ठिकाणाहून सांभाळणारी व्यवस्था, नसतंच, किंवा असलं तरी होस्ट, म्हणजे हा मूळ सर्व्हर, मुद्दाम त्याच्या बाहेर, वर्कग्रुपमध्ये (जिथे प्रत्येक मशीनची खाती स्वतंत्र असतात) ठेवलेला असतो. मुद्दाम ठेवला असेल तर ते योग्यच आहे. डोमेन अ‍ॅडमिनचा पासवर्ड रॅन्समवेअरवाल्यांच्या हाती लागला की डोमेनमधलं प्रत्येक मशीन त्यांच्या ताब्यात जातं. वर्कग्रुपमधला होस्ट आणि बॅकअप सर्व्हर निदान त्या एका चावीने उघडत नाहीत.

पण डोमेन सोडलं की एक गोष्ट हातातून जाते, आणि तिची आठवण फार कमी जण ठेवतात. डोमेनमध्ये कर्बेरॉस ही ओळख पटवण्याची पद्धत असते. तुम्ही सर्व्हरला तुमची ओळख पटवता तसं सर्व्हरही तुम्हाला आपली ओळख पटवतो, कारण डोमेन कंट्रोलर हा दोघांच्या ओळखीचा मध्यस्थ असतो. वर्कग्रुपमध्ये हा मध्यस्थ नाही. मग विंडोज एनटीएलएम या जुन्या पद्धतीवर येतं. एनटीएलएम तुमचा पासवर्ड बरोबर आहे का ते तपासतं, पण समोरचं मशीन खरंच तुमचा होस्ट आहे का, याची खात्री देत नाही.

यावर सगळीकडे सापडणारा तोडगा असा: ट्रस्टेडहोस्ट्स यादीत एक तारांकन टाका, दोन्हीकडे क्रेडएसएसपी (तुमचा पासवर्ड समोरच्या मशीनकडे सोपवणारी सोय) चालू करा, आणि हायपर-व्ही मॅनेजर जोडला की झालं. जोडलं जातं हे खरं. पण नावावरून ही यादी 'विश्वासू मशीनची' वाटली तरी ती कुणाचीही पडताळणी करत नाही. 'इथे ओळख न तपासता लॉगिन करायला माझी हरकत नाही' एवढंच ती सांगते. तारांकन टाकलं म्हणजे ही हरकत जगातल्या सगळ्याच मशीनच्या बाबतीत मागे घेतली. म्हणून हा लेख उलट्या टोकाने सुरू होतो: होस्टची ओळख आधी आपल्या हाताने पक्की करायची, मग दार उघडायचं.

खालची पद्धत विंडोज सर्व्हर २०१६ आणि त्यापुढच्या आवृत्त्यांना लागू आहे. जानेवारी २०२९ पर्यंत सुरक्षा अपडेट मिळणाऱ्या मोफत हायपर-व्ही सर्व्हर २०१९ लाही तीच चालते. उदाहरणात होस्टचं नाव एचव्ही०१, पत्ता १९२.१६८.५०.१०, आणि तुमच्या कामाच्या पीसीचा पत्ता १९२.१६८.५०.२० धरला आहे. पॉवरशेल (विंडोजची कमांड खिडकी) मधल्या कमांडची नावं उच्चाराप्रमाणे दिली आहेत, टाइप अर्थातच इंग्रजीत करायची.

आधी नेटवर्क, नाव आणि घड्याळ

होस्टला व्यवस्थापनासाठी वेगळं नेटवर्क कार्ड द्या. सर्व्हरला दोन-चार पोर्ट असतातच, त्यातला एक फक्त यासाठी राखा. ते शक्य नसेल तर निदान वेगळा व्हीलॅन (त्याच तारांवरचं वेगळं आभासी नेटवर्क) करा. उद्देश एकच: होस्टवर चालणाऱ्या व्हीएममधून होस्टच्या व्यवस्थापनाच्या पत्त्यापर्यंत पोचता येता कामा नये. हल्ला बहुतेक वेळा एखाद्या व्हीएममध्ये किंवा ऑफिसातल्या पीसीवर सुरू होतो आणि तिथून होस्टकडे सरकतो. व्हर्च्युअल स्विच बनवताना 'मॅनेजमेंट ऑपरेटिंग सिस्टिमला हे कार्ड वापरू द्या' या चौकटीवर आधीच टिक असते. व्हीएमच्या स्विचवरची ती टिक काढा.

होस्टला कायमचा पत्ता द्या, नाव एकदाच ठरवा. सर्टिफिकेट, म्हणजे होस्टचं डिजिटल ओळखपत्र, याच नावावर काढायचं आहे, नंतर नाव बदललं तर सगळं पुन्हा करावं लागेल. स्वतःचा डीएनएस सर्व्हर नसेल तर कामाच्या पीसीवरच्या होस्ट्स फाइलमध्ये पत्ता आणि नाव अशी एक ओळ पुरते. नेटवर्क प्रोफाइल 'पब्लिक' दिसत असेल तर सेट-नेटकनेक्शनप्रोफाइल वापरून 'प्रायव्हेट' करा. गेटवे नसलेल्या कार्डाला विंडोज सहसा पब्लिक समजतं, आणि पुढे रिमोटिंग (दुरून कमांड चालवण्याची सोय) चालू होत नाही किंवा अर्धवट चालू होतं त्यामागे बऱ्याचदा हेच असतं.

घड्याळ हा विषय क्षुल्लक वाटतो, पण डोमेनमध्ये वेळ आपोआप जुळते आणि वर्कग्रुपमध्ये ती जुळवून घ्यावी लागते. वेळ चुकली की सर्टिफिकेट 'अजून लागू नाही' किंवा 'मुदत संपली' म्हणून नाकारलं जातं, आणि लॉगमधल्या नोंदींची सांगड लागत नाही. भारतात आणखी एक कारण आहे. सर्ट-इन या सरकारी सायबर सुरक्षा संस्थेच्या एप्रिल २०२२ च्या निर्देशांनुसार कंपन्यांनी आपली घड्याळं एनआयसी (राष्ट्रीय सूचना विज्ञान केंद्र) किंवा एनपीएलच्या (राष्ट्रीय भौतिक प्रयोगशाळा) वेळेशी जुळती ठेवायची आहेत आणि लॉग १८० दिवस जपायचे आहेत. होस्टवर एनपीएलचा टाइम सर्व्हर लावून ठेवा.

दोन खाती, दोन कामं

रोजच्या कामाला अ‍ॅडमिनिस्ट्रेटर खातं वापरू नका. न्यू-लोकलयूजर वापरून होस्टवर एक साधं खातं बनवा आणि ते दोन स्थानिक गटांत टाका: 'हायपर-व्ही अ‍ॅडमिनिस्ट्रेटर्स' आणि 'रिमोट मॅनेजमेंट यूजर्स'. पहिल्यामुळे व्हीएम चालू-बंद करणं, चेकपॉइंट घेणं, मेमरी बदलणं ही कामं जमतात. दुसऱ्यामुळे अ‍ॅडमिन नसतानाही दुरून सेशन उघडता येतं. पहिला गट हलका समजू नका. ज्याला व्हीएमची डिस्क काढता-जोडता येते त्याला आतला सगळा डेटा मिळू शकतो. तरीही होस्टच्या विंडोजवर थेट पूर्ण सत्ता देण्यापेक्षा हे बरंच बरं.

होस्टचे अपडेट, ड्रायव्हर, सर्टिफिकेट यासाठीचं अ‍ॅडमिन खातं वेगळं ठेवा आणि ते शक्यतो कन्सोलवरूनच वापरा. इथे विंडोजच्या रजिस्ट्रीतली एक किंमत (व्हॅल्यू) माहीत असायला हवी: लोकलअकाउंटटोकनफिल्टरपॉलिसी. ती शून्य असते तेव्हा दुरून येणाऱ्या स्थानिक अ‍ॅडमिन खात्याचे अधिकार विंडोज कापून टाकतं. अपवाद फक्त मूळच्या 'अ‍ॅडमिनिस्ट्रेटर' खात्याचा. हा अडथळा चांगला आहे. चोरलेला पासवर्ड हॅश (पासवर्डचं साठवलेलं सांकेतिक रूप) वापरून एका मशीनवरून दुसऱ्यावर उडी मारणाऱ्याला तो अडवतो. पण रिमोटिंग चालू करणारी कमांड काही वेळा ही किंमत गुपचूप एक करून ठेवते. आपलं रोजचं खातं अ‍ॅडमिन नसल्यामुळे आपल्याला त्याची गरज नाही. सगळी मांडणी झाल्यावर ती पुन्हा शून्य करा. मूळचं 'अ‍ॅडमिनिस्ट्रेटर' खातं एकतर बंद करा किंवा त्याला लांबलचक पासवर्ड देऊन 'नेटवर्कवरून प्रवेश नाकारा' या धोरणात टाका.

पासवर्ड प्रत्येक होस्टवर वेगळा हवा. डोमेनमध्ये हे काम विंडोज लॅप्स आपोआप करतं, वर्कग्रुपमधल्या मशीनला ती सोय नाही. त्यामुळे एक चांगला पासवर्ड मॅनेजर घ्या आणि शिस्त पाळा. सगळ्या क्लायंटच्या सर्व्हरवर एकच 'आपला नेहमीचा' पासवर्ड ठेवणारे लोक आपल्या धंद्यात पुष्कळ आहेत. अशा ठिकाणी एक सर्व्हर फुटला की पूर्ण क्लायंट-यादी फुटते.

सर्टिफिकेट: सगळ्यात जास्त वेळ इथे द्या

होस्टच्या कन्सोलवर, अ‍ॅडमिन म्हणून उघडलेल्या पॉवरशेलमध्ये न्यू-सेल्फसाइन्डसर्टिफिकेट चालवा. डीएनएसनेममध्ये एचव्ही०१ द्या, ठिकाण 'लोकलमशीन'मधलं 'माय' हे स्टोअर. दोन पॅरामीटर हमखास राहून जातात. एक नॉटआफ्टर: ते दिलं नाही तर सर्टिफिकेट एका वर्षात संपतं. दोन-तीन वर्षं द्या, त्याहून जास्त नको. दुसरं कीएक्सपोर्टपॉलिसी: त्याची किंमत नॉनएक्सपोर्टेबल द्या, कारण एरवी प्रायव्हेट की (सर्टिफिकेटची गुप्त चावी) पासवर्ड लावून बाहेर काढता येते. होस्टची ओळख म्हणजे ही की. ती होस्टबाहेर जाण्याचं कारणच नाही.

कमांड यशस्वी झाली की चाळीस अक्षरांचा थंबप्रिंट (सर्टिफिकेटची खूण) दिसतो. तो कागदावर लिहा किंवा कन्सोलच्या स्क्रीनचा फोटो काढा. मग एक्सपोर्ट-सर्टिफिकेट वापरून फक्त सर्टिफिकेट, म्हणजे सीईआर फाइल, बाहेर काढा आणि पेनड्राइव्हने कामाच्या पीसीवर न्या. तिथे फाइल उघडून 'डिटेल्स'मधला थंबप्रिंट आणि कागदावरचा थंबप्रिंट अक्षर न् अक्षर ताडून पाहा. जुळला तरच इंपोर्ट-सर्टिफिकेटने 'लोकलमशीन'मधल्या 'रूट' स्टोअरमध्ये टाका.

ही ताडणी म्हणजे या लेखाचा गाभा. कर्बेरॉस जे काम प्रत्येक लॉगिनला करतं ते तुम्ही इथे एकदा, डोळ्यांनी करता. सर्टिफिकेट त्याच नेटवर्कवरून कॉपी करून न पाहता स्वीकारलं, तर मध्ये बसलेला कुणीही स्वतःचं सर्टिफिकेट तुमच्या हातात देऊ शकतो, आणि पुढचा सगळा बंदोबस्त त्याच्या मशीनभोवती होतो. होस्ट दुसऱ्या गावात असेल तर तिथल्या माणसाला फोन लावा आणि कन्सोलवरचा थंबप्रिंट वाचून घ्या. त्याला पाच मिनिटं लागतात.

होस्ट दोन-तीन असतील तोवर हे पुरतं. दहा-बारा झाले की स्वतःची छोटी सर्टिफिकेट ऑथॉरिटी (बाकीच्या सर्टिफिकेटांवर सही करणारी) काढणं सोपं पडतं. तिचं मशीन नेटवर्कला न जोडता ठेवा आणि पीसीवर फक्त तिचं रूट सर्टिफिकेट घाला.

एचटीटीपीएस लिसनर, आणि जुन्या दाराला कुलूप

आता होस्टवर एनेबल-पीएसरिमोटिंग चालवा. विनआरएम ही दुरून आलेल्या कमांड स्वीकारणारी सेवा सुरू होते आणि ५९८५ पोर्टवर एचटीटीपीचा लिसनर (जोडणीची वाट पाहणारं दार) तयार होतो. त्यानंतर न्यू-आयटम वापरून डब्ल्यूएसमॅन ड्राइव्हमधल्या लिसनर फोल्डरमध्ये ट्रान्सपोर्ट एचटीटीपीएस, अ‍ॅड्रेस तारांकन आणि आपला थंबप्रिंट देऊन दुसरा लिसनर बनवा. तो ५९८६ वर ऐकतो. इथलं तारांकन म्हणजे होस्टचे सगळे पत्ते. ट्रस्टेडहोस्ट्समधल्या तारांकनाचा धोका त्यात नाही, शिवाय पुढे फायरवॉल आहेच.

एक गैरसमज दूर करून टाकतो. ५९८५ वरून सगळं उघडं जातं असं नाही. एनटीएलएम वापरताना विनआरएम मजकूर एनक्रिप्ट करतं. उणीव एनक्रिप्शनची नाही, समोरच्याच्या ओळखीची आहे, आणि ती उणीव एचटीटीपीएसचं सर्टिफिकेट भरून काढतं.

५९८६ वरून जोडणी होते हे पाहिल्यावर एचटीटीपी लिसनर रिमूव्ह-आयटमने काढा आणि विनआरएमचा ५९८५ चा तयार फायरवॉल नियम बंद करा. मग विनआरएमच्या सर्व्हिस सेटिंग्ज एकदा वाचा. 'अलाउअनएनक्रिप्टेड' फॉल्स, 'बेसिक' फॉल्स, 'क्रेडएसएसपी' फॉल्स असायला हवं. मुळात तसंच असतं, पण आधी कुणी हात लावला असेल तर सांगता येत नाही. त्याच ठिकाणी सीबीटीहार्डनिंगलेव्हल नावाची किंमत 'रिलॅक्स्ड' दिसेल, ती 'स्ट्रिक्ट' करा. त्यामुळे लॉगिन त्याच टीएलएस (एचटीटीपीएसमागचं एनक्रिप्शन) जोडणीला बांधलं जातं, आणि दुसरीकडे पकडलेलं तुमचं एनटीएलएम लॉगिन होस्टकडे वळवून वापरायचा मार्ग बंद होतो. मायक्रोसॉफ्टने जून २०२४ मध्ये एनटीएलएमच्या सगळ्या आवृत्त्या 'डिप्रिकेटेड', म्हणजे मोडीत काढायच्या, ठरवल्या. वर्कग्रुपमध्ये आज त्याच्यावरच अवलंबून राहावं लागतं, म्हणून ही किंमत विसरू नका.

फायरवॉल आणि उलट्या चाचण्या

न्यू-नेटफायरवॉलरूलने ५९८६ चा नियम करा आणि रिमोटअ‍ॅड्रेसमध्ये फक्त १९२.१६८.५०.२० द्या. संपूर्ण सबनेट नको. दोन माणसं काम करत असतील तर दोन पत्ते लिहा.

आता पीसीवरून एंटर-पीएससेशन: कंप्यूटरनेम एचव्ही०१, सोबत यूजएसएसएल, आणि क्रेडेन्शियलमध्ये होस्टचं नाव, उलटी तिरकी रेघ, खात्याचं नाव. ट्रस्टेडहोस्ट्स रिकामंच असू द्या, एचटीटीपीएसला त्याची गरज नाही. सेशनमध्ये गेट-व्हीएम दिलं की मशीनची यादी दिसली पाहिजे.

जोडलं गेलं म्हणून थांबू नका. जे जोडलं जाऊ नये ते खरंच अडतंय का ते पाहा. नावाऐवजी पत्ता देऊन जोडून पाहा: सर्टिफिकेटवरचं नाव जुळत नाही अशी त्रुटी आली पाहिजे. ज्यावर सर्टिफिकेट घातलेलं नाही अशा पीसीला काही वेळापुरती फायरवॉलमध्ये परवानगी देऊन पाहा: अनोळखी ऑथॉरिटीची त्रुटी आली पाहिजे. एखाद्या व्हीएममधून टेस्ट-नेटकनेक्शनने होस्टचे ५९८५, ५९८६, ४४५ (फाइल शेअर) आणि ३३८९ (आरडीपी, म्हणजे दुरून डेस्कटॉप) हे पोर्ट तपासा. चारही बंद असायला हवेत. पहिल्या दोन त्रुटी घालवण्यासाठी स्किपसीएचेक आणि स्किपसीएनचेक हे पर्याय सुचवले जातात. ते वापरले की एवढा वेळ घालवून उभी केलेली पडताळणी एका फटक्यात रद्द होते. त्रुटी आली तर नाव किंवा सर्टिफिकेट दुरुस्त करा.

हायपर-व्ही मॅनेजरची खिडकी हवीच असेल तर

सगळ्यांना कमांडवर काम जमत नाही, ते समजण्यासारखं आहे. माझा पहिला सल्ला विंडोज अ‍ॅडमिन सेंटर. ते ब्राउझरमध्ये चालतं आणि बसवतानाच 'फक्त विनआरएम ओव्हर एचटीटीपीएस' निवडता येतं. ते सर्व्हरवर न बसवता कामाच्या पीसीवर बसवा.

जुना हायपर-व्ही मॅनेजर वर्कग्रुपमध्ये चालवायचा तर ५९८५ उघडा ठेवावा लागतो. शिवाय ट्रस्टेडहोस्ट्समध्ये होस्टचं नाव, दोन्हीकडे क्रेडएसएसपी, आणि पीसीच्या ग्रुप पॉलिसीत 'एनटीएलएम-ओन्ली' सर्व्हरला नवी क्रेडेन्शियल सोपवण्याची परवानगी. क्रेडएसएसपीत तुमचा पासवर्ड वापरण्याजोग्या रूपात होस्टपर्यंत पोचतो. होस्ट आधीच कुणाच्या ताब्यात असेल तर पासवर्डही त्याच्या हाती जातो. मार्च २०१८ मध्ये खुद्द क्रेडएसएसपीतच गंभीर त्रुटी सापडून दुरुस्त झाली होती. त्यानंतरच्या मे महिन्यात 'एनक्रिप्शन ओरॅकल रेमेडिएशन'चा संदेश येऊन कित्येकांचं आरडीपी अडकलं होतं, ते याचमुळे. तरीही हा मार्ग घ्यायचाच असेल तर प्रत्येक ठिकाणी होस्टचं पूर्ण नाव लिहा, तारांकन कुठेच नको, आणि फायरवॉलमध्ये तोच एक पत्ता ठेवा. व्हीएमची स्क्रीन दाखवणाऱ्या व्हीएमकनेक्टला २१७९ पोर्ट लागतो, तोही त्याच अटीवर.

क्रेडएसएसपी बहुतेक वेळा चालू होतं ते आयएसओ फाइल दुसऱ्या सर्व्हरच्या शेअरवर असते म्हणून. फाइल आधी होस्टच्या डिस्कवर कॉपी करा, गरजच उरत नाही.

व्हीएमच्या आत जाताना

व्हीएममध्ये विंडोज १०, सर्व्हर २०१६ किंवा त्यापुढचं काही असेल तर पॉवरशेल डायरेक्ट वापरा. होस्टवरच्या सेशनमधून इन्व्होक-कमांडला व्हीएमनेम आणि व्हीएमच्या आतल्या खात्याचं क्रेडेन्शियल द्यायचं. हा संवाद नेटवर्कवरून न जाता व्हीएमबसवरून (होस्ट आणि व्हीएममधली आतली वाट) जातो. व्हीएमचं नेटवर्क बिघडलेलं असलं, आतल्या फायरवॉलने सगळे पोर्ट बंद केले असले तरी काम होतं. म्हणजेच व्हीएममध्ये विनआरएम किंवा आरडीपी निव्वळ देखभालीसाठी उघडं ठेवायचं कारण राहत नाही. टॅलीच्या व्हीएममध्ये कर्मचारी आरडीपीने येत असतील तर ती गोष्ट वेगळी. तिथे एनएलए (डेस्कटॉप दिसण्याआधीच लॉगिन तपासणं) चालू आणि अ‍ॅडमिन खात्यांना आरडीपी बंद. लिनक्स व्हीएमला एसएसएच, तेही पासवर्ड बंद करून फक्त की वापरून.

ऑफिसबाहेरून काम करताना

राउटरवर ५९८६ किंवा ३३८९ फॉरवर्ड करू नका. पोर्ट क्रमांक बदलून फॉरवर्ड केला तरी काही फरक पडत नाही, स्कॅन करणारे सगळेच पोर्ट तपासतात. बाहेरून आत यायला एकच वाट: व्हीपीएन, म्हणजे इंटरनेटवरून जाणारा एनक्रिप्ट केलेला खासगी बोगदा. वायरगार्ड हे व्हीपीएन छोट्या ऑफिससाठी उत्तम आहे. एक यूडीपी पोर्ट लागतो, आणि योग्य की नसलेल्याला तो उत्तरच देत नाही. व्हीपीएनवरून आलेल्या पीसीला ठरावीक पत्ता द्या आणि होस्टच्या फायरवॉल नियमात तो वाढवा.

व्हीपीएन राउटरवर किंवा वेगळ्या छोट्या पेटीत चालवा. त्याच होस्टवरच्या व्हीएममध्ये व्हीपीएन ठेवलं तर ते व्हीएम ज्या दिवशी सुरू होणार नाही त्याच दिवशी तुम्ही बाहेर अडकाल. याच कारणासाठी सर्व्हरचं आयएलओ किंवा आयड्रॅक (विंडोज बंद असतानाही सर्व्हर दुरून सांभाळू देणारी त्यातली वेगळी चिप) जोडून ठेवा, त्याचा मूळ पासवर्ड बदला आणि तेही व्यवस्थापनाच्या व्हीलॅनमध्येच ठेवा.

दर महिन्याला आणि मुदत संपण्याआधी

होस्टच्या सिक्युरिटी लॉगमध्ये ४६२५ म्हणजे फसलेलं लॉगिन, ४६२४ म्हणजे झालेलं. लॉगऑन प्रकार ३ नेटवर्कवरून आलेला. तुमच्या पत्त्याखेरीज दुसरा पत्ता ४६२४ मध्ये दिसला तर त्याच दिवशी छडा लावा. लॉगचा आकार मुळात फार लहान असतो, तो वाढवा आणि महिन्यातून एकदा फाइल बाहेर काढून होस्टबाहेर जपा. खातं लॉक होण्याचं धोरणही लावलेलं असू द्या: दहा चुकीच्या प्रयत्नांवर दहा मिनिटं पुरे.

सर्टिफिकेटची मुदत संपण्याच्या महिनाभर आधीची तारीख कॅलेंडरमध्ये टाका. नवीन सर्टिफिकेट बनवा, थंबप्रिंट पूर्वीसारखाच ताडून पीसीवर घाला, आणि मगच सेट-डब्ल्यूएसमॅनइन्स्टन्सने एचटीटीपीएस लिसनरचा थंबप्रिंट बदला. लिसनर आपणहून नवीन सर्टिफिकेट उचलत नाही. नवीन सेशन उघडतंय हे पाहिल्यावर जुनं सर्टिफिकेट होस्टच्या 'माय'मधून आणि पीसीच्या 'रूट'मधून, दोन्हीकडून काढा. आणि एखादा सहकारी काम सोडून गेला की त्याचं होस्टवरचं खातं, फायरवॉलमधला त्याचा पत्ता आणि व्हीपीएनवरची त्याची की त्याच संध्याकाळी काढून टाका.